मी इथेच राहतो

ग्रेट फॉल्स, मोंटाना
४ मार्च २०१८

प्रिय व्हर्ना,

दर रविवारी तुला पत्र लिहायचं काम कोरिनचं होतं. माझं काम शेवटी ‘आणि लाइल’ एवढं लिहायचं. ती गेल्यापासून वर्षभरात मी तुला दोन कार्डं पाठवली आणि दोन्हींवर सवयीने नुसतं ‘आणि लाइल’ लिहिलं, हे तू सांगितलंस तेव्हा मला कळलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा आता पत्रच लिहितो.

तुझ्या बहिणीने दवाखान्यात माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. म्हणाली, “हवाई दलात बावीस वर्षं घालवलीस. मिळालं काय? फुकटची हजामत आणि दुखरी पाठ. ते माजी सैनिकांचं घरकर्ज एकदा तरी वापर.” आम्ही आधी बेसवरच्या घरात आणि मग तुमच्या आईच्या घरात राहिलो, त्यामुळे कर्जाची वेळच आली नव्हती. मी म्हटलं, “मला घर आहे, दुसरं कशाला?” तर म्हणाली, “चार बिऱ्हाडांची इमारत घे. भाडेकरूंना तुझ्याशी बोलावंच लागेल.”

तर इमारत सापडली आहे. नदीपलीकडे, विटांची, दोन बिऱ्हाडं खाली, दोन वर. तीन भरलेली आहेत. खालचं डावीकडचं रिकामं आहे, कारण तिथला भाडेकरू त्याच्या मांजरांसकट गेला. मांजरांचा वास मात्र राहिला आहे.

अडचण अशी. कर्जाच्या ऑफिसातल्या बाईने विचारलं, “तुम्ही स्वतः कुठल्या बिऱ्हाडात राहणार?”

मी म्हटलं, “कुठल्याच नाही. मी माझ्या घरी राहणार.”

“मग हे कर्ज तुमच्यासाठी नाही. हे राहत्या घरासाठी आहे. तीन भाड्याने द्या, पण चौथ्यात साठ दिवसांच्या आत तुम्ही राहायला जायचं. आणि पुढे साधारण वर्षभर तेच तुमचं घर असायला हवं. तसा तुमचा इरादा आहे असं लिहून द्यावं लागेल.”

“आणि नाही राहिलो तर?”

तिने पेन खाली ठेवलं. “मिस्टर टॉस्ट्रुड, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी ऐकलं नाही.”

मी घरी येऊन विचार केला. एक खाट टाकायची. एक टूथब्रश. आपोआप लागणारा-विझणारा एक दिवा. पत्रं तिकडे मागवायची. सरकारकडे माझ्या गादीला हात लावून बघायला माणसं असतील असं वाटत नाही. मी इथेच राहीन. हे घर सोडायची माझी तयारी नाही व्हर्ना, एवढंच खरं आहे. घर अर्धं तुझं आहे हे मी विसरलेलो नाही.

वारा आहे. बाकी ठीक.

लाइल


टूसान, ॲरिझोना
१२ मार्च

लाइल, अरे सोंगाड्या,

तू आणि खोटं लिहून देणार? तुझं लग्न झालं तेव्हापासून मी एक गोष्ट ऐकत आले आहे, दर ख्रिसमसला, हॅम कापताना. तुम्ही क्षेपणास्त्राच्या कोठारावर जायचात. एकट्याने आत जायचं नाही असा नियम. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने काम करायचं आणि ‘झालं’ असं मोठ्याने म्हणायचं. आणि एकदा अर्ध्या वाटेवरून, बर्फात, तू अख्खी गाडी मागे वळवलीस. का? तर बाराव्या कलमाला जोडीदार ‘झालं’ म्हणाल्याचं तुला आठवेना. काम झालेलं होतं! सगळ्यांना माहीत होतं! तरी तू परत गेलास आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा ‘झालं’ म्हणायला लावलंस. कोरिन ही गोष्ट सांगताना इतकी हसायची की हॅम गार व्हायचं.

आणि तो माणूस आता दिव्याला घड्याळ लावून सरकारला फसवणार!

माझं ऐक. राहायला जाणार असशील तर सही कर. जाणार नसशील तर करू नकोस. मधलं काही तुला झेपणार नाही. तुला पित्त होईल.

आणि घराचं म्हणशील तर घर कुठे पळून जात नाही. बघेल कुणीतरी त्याच्याकडे.

इथे आत्ताच उन्हाने जीव नकोसा केला आहे. गुडघे तसेच.

व्हर्ना


ग्रेट फॉल्स
२ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

सही केली. परवा.

कागद एवढे होते की मध्येच माझी सही माझ्यासारखी दिसेनाशी झाली. तो कागद आला तेव्हा मी बाईला म्हटलं, “हा जरा मोठ्याने वाचाल का?” तिने वाचला. ‘सदर मालमत्ता स्वतःचं घर म्हणून वापरण्याचा माझा इरादा आहे.’ मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. तिला वाटलं असेल म्हाताऱ्याला कमी दिसतं. शेवटी मी ‘झालं’ म्हणालो. ती म्हणाली, “अजून सही व्हायची आहे, सर.”

घराविषयी तू जे लिहिलंस ते वाचलं. ‘बघेल कुणीतरी.’ समजलो. मला आधीच सुचायला हवं होतं. मे अखेरपर्यंत तळघर आवरून ठेवतो. तुमच्या आईची बरण्यांची कपाटं कुणाला हवी असतील तर कळव.

लाइल


टूसान
१० एप्रिल

लाइल,

काय समजलास? तळघर कशाला आवरतोस? तुला कुणी सांगितलं? कपाटांना हात लावू नकोस.

घराबद्दल मला काही म्हणायचं नाही. काही म्हणजे काही नाही. मी सहज लिहिलं होतं. तू तुझ्या मांजरांच्या वासाचं बघ. भिंतींना व्हिनेगर लाव.

व्हर्ना


ग्रेट फॉल्स
३ जून

प्रिय व्हर्ना,

व्हिनेगर लावलं. आता व्हिनेगर लावलेल्या मांजरांचा वास येतो.

एप्रिलपासून पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही मी करत नव्हतो. जे करत होतो ते आता सांगतो. तू हसणारच आहेस, तेव्हा खुर्चीत नीट बसून हस.

साठ दिवस संपायच्या आत मी ‘राहायला’ गेलो. म्हणजे खाट, दिवा, टूथब्रश. पण पहिल्याच सकाळी घरी जाग आली आणि विचार आला, कुणी बघायला आलं आणि ब्रश कोरडा असला तर? म्हणून उठलो, गाडी काढली, पूल ओलांडला आणि ब्रश ओला करून आलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, नुसत्या ब्रशने काय होतंय? मग अंथरूण विस्कटायला लागलो. मग कॉफी करायची, सिंकमध्ये ओतायची, म्हणजे वास राहतो. टॉवेल ओला करायचा. अंडं फोडून टरफलं कचऱ्यात टाकायची. अंडं वाया जाऊ नये म्हणून खायचं. हे सगळं मी यादी करून भिंतीला लावलं. यादी मीच वाचायचो, काम मीच करायचो आणि ‘झालं’ही मीच म्हणायचो. मोठ्याने. मग गाडीत बसून घरी, दुसरा नाश्ता करायला.

महिनाभरात माझं वजन वाढलं. तिथे न राहण्यासाठी मी जेवढी मेहनत घेत होतो, तेवढी मेहनत मी राहायला कधीच घेतली नसती.

मग परवा सकाळी दार वाजलं. दारात एक बाई. साधारण माझ्याच वयाची, हातात क्लिपबोर्ड, कानावर पेन्सिल. मी मनात म्हटलं, आली सरकारची माणसं.

मी म्हटलं, “या, आत या. सगळं बघा.” ती काही बोलायच्या आत मी तिला न्हाणीघरात नेलं. “हा ब्रश. हात लावून बघा, ओला आहे.”

ती म्हणाली, “मी कशाला हात लावू?”

“हा टॉवेल. हे अंथरूण, कालच झोपलो होतो. ही टरफलं, आजची.”

तिने कचऱ्याच्या डब्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “मालक,” ती म्हणाली, “तुम्हाला बरं वाटतंय ना?”

ती डेल्फीन अझूर. वरच्या मजल्यावरची. माझीच भाडेकरू. शाळेच्या भटारखान्यात आयुष्य गेलं तिचं. आतापर्यंत भाड्याचा लिफाफा ती दारातल्या पेटीत टाकायची, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत दिवा नाही, नगरपालिकेने तो लावावा म्हणून ती सह्या गोळा करत होती.

मी सुटकेचा श्वास टाकला. “आणा, करतो सही.”

“थांबा,” ती म्हणाली. “यात फक्त इथे राहणाऱ्यांचीच सही चालते. मालक असून उपयोग नाही. तुम्ही राहता का इथे?”

व्हर्ना, पेन माझ्या हातात होतं. आणि माझ्याच्याने ते खाली टेकवेना. कर्जाच्या कागदावर सही केली तेव्हा निदान ‘इरादा’ असा शब्द होता. हिने सरळ विचारलं.

मी म्हटलं, “मला जरा विचार करावा लागेल.”

“कशाचा? इथे राहता की नाही याचा?”

“हो.”

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “बरं झालं बाई तुम्हीच विषय काढलात. आम्ही तिघंही भाडेकरू हेच म्हणत होतो. माणूस पहाटे गुपचूप येतो, खिडकीतून बघावं तर अंथरूण विस्कटलेलं, कॉफी करतो आणि तासाभरात पळतो. हे बघा, ती कोण आहे ते मला विचारायचं नाही. पण तुमची गाडी मागे लावत जा. आमच्या जिन्यासमोर नको.”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

“कुणी नाही म्हणजे?”

“म्हणजे बायको होती. ती गेली. मी एकटाच असतो.”

“मग अंथरूण कशाला विस्कटता?”

 ती क्लिपबोर्ड काखेत घालून म्हणाली, “विचार झाला की या वर. सही करा नाहीतर करू नका. सूप केलंय मी, मांसाचे गोळे घालून.”

मी सूप प्यायलो. सही केली नाही. त्या दिवशी घरी गेलो आणि माझी उशी उचलून इकडे आणली. माझी एकट्याची. तेव्हापासून इथे झोपतो. नीट झोप लागते असं नाही. वर पावलं वाजतात. कोरिन गेल्यापासून डोक्यावर पाऊल वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी रोज एक फेरी मारतो. नळ, पाइप वगैरे बघायला.

लाइल


टूसान
११ जून

लाइल,

मी खुर्चीत नीट बसले होते तरी पडले. शेजारीण धावत आली. तिला वाचून दाखवलं तर तीही बसली.

जूनमध्ये कुठले पाइप गोठतात रे? पाइप बघायला म्हणे!

आणि ही डेल्फीन. सूप कसं होतं ते लिहिलंस, ती कशी आहे ते नाही लिहिलंस. नको लिहूस. मला मेलीला काय करायचंय.

ऑगस्टमध्ये महिनाभर येते. तिकीट काढलं आहे. घराची किल्ली आहे माझ्याकडे, तू धावपळ करू नकोस. तुझा तो ब्रश मला बघायचा आहे.

व्हर्ना


आईचं घर, ग्रेट फॉल्स
१९ ऑगस्ट

लाइल,

तू आत्ताच जेवून गेलास. तुझी गाडी कोपऱ्यावर वळतानाचा आवाज येतोय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुला पत्र लिहायला बसले आहे. आपण दोघं वेडे आहोत. मी आल्यापासून तू रोज येतोस, आपण समोरासमोर बसून जेवतो, आणि बोलतो काय? वारा. गव्हाची कापणी. पुन्हा वारा. आज तर तू मीठ मागितलंस आणि मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार.

तेव्हा लिहिते. उद्या पेटीत टाकीन, परवा तुला मिळेल. तोवर दोन जेवणं होतील, त्यात आपण वाऱ्याबद्दल बोलू.

मला परत यायचं आहे, लाइल. इथे, या घरात. टूसानमध्ये माझं आता कुणी उरलं नाही. मैत्रिणी एकेक करून आपापल्या मुलांकडे गेल्या आणि ऊन मला सोसत नाही. हे मी आज नाही ठरवलं. कोरिनच्या शेवटच्या हिवाळ्यात मी इथे राहायला होते ना, तेव्हा तिला बोलले होते. ती म्हणाली, “लाइलला विचार.” मी म्हटलं, “कसं विचारू? मी शब्द काढला की तो तासाभरात सामान बांधेल आणि गाडीत झोपेल. वर मला म्हणेल, गाडी खूप आरामशीर आहे.”

ती म्हणाली, “हो, तसंच करेल.” 

दुसऱ्या दिवशी माजी सैनिकांच्या ऑफिसातून कुणी भेटायला आलं होतं, आठवतं? तू औषधं आणायला गेला होतास. कोरिनने त्याच्याकडून त्या कर्जाची सगळी माहिती काढून घेतली. चार बिऱ्हाडं चालतात, पण एकात स्वतः राहावं लागतं. साठ दिवसांत. वर्षभर. तो गेल्यावर मला म्हणाली, “सापडलं. मी सांगितलं तर लाइल हे घर सोडणार नाही. तू सांगितलंस तर मनाविरुद्ध सोडेल. नियम असेल तर राहायला जाईल. मी गेल्यावर तो या स्वयंपाकघरात बसून भिंतीसारखा होईल, व्हर्ना. त्याच्या डोक्यावर कुणीतरी चालायला हवं.”

तिला नियम माहीत होता, लाइल. तुला इमारत घ्यायला सांगितलं ते त्यासाठीच.

आणि मलाही माहीत होता. तुझं मार्चमधलं पत्र वाचून मी चेष्टा केली, पण मला भीती वाटली होती की तू खरंच कोरिनला फसवून इथेच राहशील. म्हणून ‘सही करायची तर राहायला जा’ असं लिहिलं. आणि ‘बघेल कुणीतरी’ लिहून गेले आणि पत्र पेटीत पडल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तू ‘समजलो’ असं लिहिलंस. तू बरोबर समजला होतास आणि पूर्ण चुकीचंही. मग खरं सांगायची सोय राहिली नाही. जे काही सांगितलं असतं ते घरासाठी सांगितल्यासारखं दिसलं असतं. थोडं होतंही.

आता तू काय ते ठरव. नको म्हणालास तर मी परत जाईन. टूसान खूप आरामशीर आहे.

व्हर्ना


बिऱ्हाड नंबर एक
२४ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र खिशात ठेवून मी दोनदा तुझ्याकडे जेवलो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू विचारलं नाहीस याबद्दल आभार. वारा खरंच जास्त होता.

आधी एक दिवस मला ते नीट कळायलाच लागला. मग राग आला. माझ्या बायकोने मला माझ्या घरातून बाहेर काढलं, तेही ती गेल्यावर, तेही सरकारी मार्गाने. मी तिच्याशी भांडलो. भांडण एकतर्फी झालं, पण तशी आमची बहुतेक भांडणं एकतर्फीच व्हायची, फक्त बाजू उलटी असायची. डेल्फीन वरून खाली आली आणि म्हणाली, “मालक, कुणाला ओरडताय?” मी म्हटलं, “बायकोला.” ती म्हणाली, “मग चालू द्या.” आणि परत वर गेली.

आणि मी समजत होतो की मी सरकारला फसवतोय! अंड्यांची टरफलं पसरून! ती वर्षभर आधी सगळं ठरवून बसली होती.

तू राहा. हे तुझ्या आईचं घर आहे आणि तू तिची मुलगी आहेस, यात नको म्हणणारा मी कोण? पण तुझ्यासारखंच मीही खरं लिहितो. मला ते घर सोडायचं नव्हतं. अजूनही नाही. सकाळी जाग येते तेव्हा मी अजून उजव्या बाजूला हात नेतो आणि इथे उजवीकडे भिंत आहे. वर्षाचा नियम आहे, वर्ष पाळीन. मग परत येईन. मागची छोटी खोली मला चालेल. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुला अवघड व्हायला नको.

गल्लीतल्या दिव्याच्या अर्जावर काल सही केली. पत्ता लिहिताना डेल्फीन खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “अक्षर बरं आहे हो तुमचं.”

लाइल


आईचं घर
२६ ऑगस्ट

लाइल,

मागची खोली तुझी. मी त्यात काही ठेवणार नाही. शिवणयंत्रसुद्धा नाही.

सामान आणायला टूसानला जाऊन येते. बरण्यांची कपाटं तू आवरली नाहीस, देव तुझं भलं करो.

व्हर्ना


बिऱ्हाड नंबर एक
२९ मे २०१९

प्रिय व्हर्ना,

तू नदीच्या त्या बाजूला आहेस आणि मी परवाच तुझ्याकडे जेवलो, तरी हे पत्राने कळवतो. तोंडाने सांगायला गेलो असतो तर वाऱ्यावरच अडलो असतो.

वर्ष झालं. या वर्षात काय झालं ते तुला माहीत आहे. फेब्रुवारीत बाकीच्यांचे पाइप गोठले आणि तिन्ही बिऱ्हाडं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी त्यांचे पाइप हेअर ड्रायरने गरम करत होतो आणि ती सगळी माणसं माझ्याच खुर्च्यांवर बसून मला सूचना देत होती. गल्लीत दिवा आला. त्याचा उजेड नेमका माझ्या खिडकीवर पडतो. ज्या अर्जावर सही करायला मी एवढा विचार केला, त्याने माझी झोप घालवली. डेल्फीनने जाड पडदे शिवून दिले आणि त्याचे पैसे भाड्यातून कापून घेतले, न विचारता.

काल कर्जाच्या ऑफिसात गेलो. तीच बाई. मी म्हटलं, “वर्ष पूर्ण झालं. आता कुठे सही करायची?”

“कसली सही?”

“राहिलो याची.”

“तशी काही नसते, मिस्टर टॉस्ट्रुड.”

“मग तुमच्याकडून कुणी बघायला येणार नाही?”

ती हसली. वाईट नाही हसली. “आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तुम्ही राहिलात ना? मग झालं. इथून पुढे तुम्ही कुठे राहता हे आम्ही विचारणार नाही.”

मी आभार मानून बाहेर आलो आणि गाडीत बसलो. मला आनंद व्हायला हवा होता. पण व्हर्ना, गेलं वर्षभर निदान एका कागदावर तरी लिहिलेलं होतं की मी रोज कुठे झोपतो याच्याशी कुणाचा तरी संबंध आहे. कोरिन असताना रात्री उशीर झाला तर ती फोन करायची. ती गेल्यावर सरकार होतं. आता कुणीच विचारणार नाही. मी उजवीकडे वळलो काय आणि डावीकडे वळलो काय. मी चावी लावून बसून राहिलो. शेवटी पार्किंगवाल्याने काचेवर टकटक केलं.

मागच्या खोलीबद्दल मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. ठरवतो.

लाइल


आईचं घर
३० मे

लाइल,

खोली झाडून ठेवली आहे. चादरी धुतलेल्या आहेत. आज आलास तर आज झोपता येईल आणि मी एका शब्दाने काही म्हणणार नाही.

पण कुणीच विचारणार नाही असं लिहिलंस त्याचा मला राग आला. मी काय मेले आहे?

मी विचारते. तू कुठे राहतोस?

उत्तर नीट दे. माझी मर्जी राखायला नको, कोरिनची नको, सरकारचीही नको. खरं काय ते लिही.

व्हर्ना


बिऱ्हाड नंबर एक
२ जून

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी ते जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि लगेच गाडीची चावी घेतली. म्हटलं, याचं उत्तर पत्राने द्यायचं नाही, जाऊन द्यायचं. काय द्यायचं ते मात्र ठरलं नव्हतं. वाटेत ठरेल असं वाटलं.

डेल्फीन वर कपडे वाळत घालत होती. ओरडली, “मालक, कुठे निघालात?”

मी म्हटलं, “व्हर्नाकडे.”

“जेवायला थांबणार?”

“नाही, घरी येतो.”

आणि निघालो. पुलाच्या अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. तिला ‘व्हर्नाकडे’ म्हटलं, आणि परत यायच्या जागेला ‘घरी’. कुणी शिकवलं नव्हतं, यादी वाचली नव्हती. मी गाडी एवढी हळू केली की मागच्याने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. त्या दोघांना मी काय सांगणार?

पुढे गेलो नाही. पूल संपल्यावर वळसा घेतला आणि परत आलो. डेल्फीन म्हणाली, “एवढ्यात आलात?” मी म्हटलं, “हो.” 

मला वाटलं होतं की असं काही झालं तर कोरिनला वाईट वाटतंय असं मला वाटेल. तसं वाटलं नाही. वाईट मलाच वाटलं, भरपूर वाटलं, आत येऊन बराच वेळ बसून राहिलो. पण बसलो इथेच.

तेव्हा मागच्या खोलीत तुझं शिवणयंत्र ठेव. खिडकीपाशी ठेव, तिथे उजेड चांगला येतो.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी इथेच राहतो, नदीपलीकडे, तळमजल्यावर, डावीकडचं दार. घंटी बिघडली आहे, दार जोरात वाजवावं लागतं.

लाइल